फ्लोरेन्समधले चार दिवस आणि राजाराम महाराजांची छत्री

इटलीची टूर बुक करताना मी एकच गोष्ट बघितली होती, फ्लोरेन्सला किती रात्री आहेत. बऱ्याच टूरवाल्यांकडं फ्लोरेन्स म्हणजे पिसाहून रोमला जाताना अर्धा दिवस, कॅथेड्रलसमोर ग्रुप फोटो आणि आईस्क्रीम. आम्हाला एक टूर मिळाली त्यात तीन रात्री होत्या, थोडी महाग पडली पण ह्यांनी लगेच हो म्हटलं, कारण ह्यांनाही माहिती होतं मला तिथं कशासाठी जायचंय ते.

आम्ही कोल्हापूरचे. माझे सासरे, त्यांना आम्ही दादा म्हणतो, राजाराम कॉलेजात शिकले. घरात लहान पोरं जमली की दादा हटकून ती गोष्ट सांगणार, की ज्यांच्या नावानं आमचं कॉलेज आहे ते राजाराम महाराज वयाच्या विसाव्या वर्षी विलायतेहून परत येताना इटलीत वारले आणि तिथंच नदीकाठी त्यांचं दहन झालं, तिथं त्यांची छत्री आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून ही गोष्ट ऐकतेय. दादा आता शहाऐंशी वर्षांचे, त्यांना काही प्रवास जमणार नाही. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला अंबाबाईच्या देवळातल्या कुंकवाची पुडी दिली आणि म्हणाले, "महाराजांना सांग, कॉलेज अजून जोरात चालू हाय."

पहिला दिवस, रविवार

व्हेनिसहून नाश्ता करून निघालो. आमचा ग्रुप चौतीस जणांचा, पुणे, नाशिक, ठाणे, सांगली असे सगळीकडचे लोक, आणि चार दिवस झालेले असल्यामुळं आता बसमधल्या जागासुद्धा ठरून गेलेल्या. आमच्या मागं सांगलीच्या काकू, त्यांच्या पलीकडं पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेले नाशिकचे काका. बोलोन्या सोडलं की डोंगर लागतात, अपेनाइन्स, बोगद्यामागून बोगदे, मला सारखी आपल्या बोरघाटाची आठवण येत होती फक्त इथं धबधबे नव्हते आणि ऑक्टोबरमध्ये झाडं पिवळी पडायला लागलेली.

संध्याकाळी बसनं आम्हाला आधी पियाझाले मिकेलांजेलोला नेलं. हे टेकडीवरचं मोठं मैदान आहे, मध्ये डेव्हिडच्या प्रसिद्ध पुतळ्याची ब्राँझची कॉपी, आणि कठड्याशी उभं राहिलं की सगळं शहर खाली. लाल कौलं, मधोमध तो प्रचंड घुमट, आणि पायथ्याशी आर्नो नदी, तिच्यावर एकापाठोपाठ एक पूल. सगळे फोटो काढत होते आणि मी आपली नदी जिकडं जाते तिकडं, पश्चिमेला बघत होते. सूर्य पण नेमका तिकडंच उतरत होता त्यामुळं डोळ्यावर हात धरून बघावं लागत होतं. लांबवर नदीच्या उजव्या अंगाला झाडांचा गर्द पट्टा दिसला. ते कास्किने पार्क, आणि त्याच्या अगदी पलीकडच्या टोकाला छत्री. इथून दिसणं शक्यच नव्हतं, पण कुठंय ते कळलं एवढ्यानंच बरं वाटलं.

रात्री इंडियन रेस्टॉरंटमध्ये डाळ, पनीर, गरम रोटी. चार दिवस पास्ता खाल्ल्यावर साधी डाळ काय लागते हे ज्यानं खाल्लीय त्यालाच कळेल. हॉटेल शहरात नव्हतं, एअरपोर्टच्या बाजूला होतं. काहीजण कुरकुर करत होते कारण कागदावर नुसतं फ्लोरेन्स लिहिलेलं, आणि त्यांचं बरोबरच होतं, रात्री गावात एक चक्कर मारायची इच्छा असेल तर इथून जमत नाही. टूरवाल्यांनी हे आधीच स्पष्ट सांगायला हवं.

दुसरा दिवस, सोमवार

सोमवारी फ्लोरेन्समधली मोठी म्युझियम बंद असतात म्हणून पिसाचा प्रोग्रॅम. हॉटेलमधून निघून दहा मिनिटं झाली असतील, बस एका मोठ्या पुलावर चढली, दोन्ही बाजूंना उंच खांब आणि त्यांच्यापासून पंख्यासारख्या पसरलेल्या जाड केबल्स. खाली नदी. आणि बाजूच्या पाटीवर मला एक शब्द दिसला, इंदियानो. मी ह्यांना जोरात हलवलं. हा पोंते अल इंदियानो, म्हणजे इंडियनचा पूल. १९७० च्या दशकात बांधलेला पूल, आणि नाव आपल्या महाराजांवरून पडलेलं कारण छत्री ह्याच्या जवळच आहे. तिथले लोक छत्रीला लिंदियानो म्हणतात, त्या हिंदी माणसाची जागा, आणि मग त्या भागाला, रस्त्याला, पुलाला सगळ्याला तेच नाव चिकटलं.

मी उठून पुढं गेले आणि टूर मॅनेजरला विचारलं, दोन मिनिटं थांबता येईल का. तो चांगला मुलगा होता, पण पुलावर बस थांबवता येत नाही आणि पिसाला पार्किंगची वेळ ठरलेली असते म्हणाला, ते खरंच होतं. मी परत जागेवर येईपर्यंत पूल संपला. खाली नुसती झाडं दिसली. त्याला मात्र मी सांगून ठेवलं की उद्या दुपारचा मोकळा वेळ आहे त्यात मी तिथं जाणार आहे, त्यानं विचारलं काय आहे तिथं, मग त्याला सगळी गोष्ट सांगितली. कितीतरी ग्रुप ह्या पुलावरून नेलेत पण हे माहीतच नव्हतं म्हणाला. मग त्यानं माझ्या हातात माईक दिला.

मला माईकवर बोलायची सवय नाही पण बोलले. महाराज १८५० चे, करवीरच्या गादीवर दत्तक आलेले, १८६६ ला राजे झाले तेव्हा सोळा वर्षांचे. इंग्रजी शिकले, १८७० मध्ये इंग्लंडला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले. त्या काळात समुद्र ओलांडायचा म्हणजे किती बोलणी खावी लागायची ते आपल्याला माहितीये. तिथं असताना रोजची डायरी इंग्रजीत लिहीत होते, ती नंतर त्यांच्याबरोबर असलेल्या कॅप्टन वेस्टनं संपादन करून १८७२ ला लंडनमध्ये छापली. परतीच्या वाटेवर फ्लोरेन्सला आजारी अवस्थेत होते आणि ३० नोव्हेंबर १८७० ला गेले. तेव्हा फ्लोरेन्स ही इटलीची राजधानी होती. आणि इटलीत तेव्हा दहनाला परवानगीच नव्हती, प्रेत पुरायचं हाच कायदा. बरोबरच्या माणसांनी आपल्या पद्धतीनं अग्नी द्यायचा आग्रह धरला, शहराच्या अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली, आणि जागा अशी निवडली की जिथं मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते. संगम. परमुलखात, कडाक्याच्या थंडीत, रात्री, त्या माणसांनी संगम शोधला.

एवढं बोलले आणि गळा दाटून आला म्हणून माईक परत दिला. बस शांत होती. मग सांगलीच्या काकूंनी मागून खांद्यावर हात ठेवला, "उद्या मी येणार गं तुझ्याबरोबर."

पिसाबद्दल थोडक्यात लिहिते. बस लांब लावावी लागते, तिथून चालत, आणि कमानीतून आत गेलं की हिरवंगार लॉन आणि त्यावर पांढरेशुभ्र संगमरवराचे कॅथेड्रल, बाप्तिस्तरी म्हणजे बाप्तिस्मा देण्याची इमारत, आणि तो कललेला मनोरा. फोटोत कितीही वेळा बघितला तरी प्रत्यक्षात पोटात गोळा येतो. नाशिकचे काका सगळ्यांना समजावत होते आणि आम्ही गाईड सोडून त्यांचंच ऐकत होतो. ११७३ ला काम सुरू, खालची माती मऊ, तिसऱ्या मजल्यापर्यंत आलं आणि एका बाजूनं खचायला लागलं, मग लढायांमुळं जवळजवळ शंभर वर्षं काम बंद, आणि काका म्हणाले हे बंद पडलं म्हणूनच तो उभा राहिला, तेवढ्या वेळात खालची माती दबून घट्ट झाली, सलग बांधला असता तर पडला असता. १९९० ला धोका वाढला म्हणून लोकांना वर सोडणं बंद केलं आणि उलट्या बाजूची माती थोडी थोडी काढून २००१ ला परत उघडला. पूर्ण सरळ केला नाही, धोका टळेल एवढाच वळवला. काका सत्तरीचे आहेत पण हे सांगताना त्यांचे डोळे एकदम चमकत होते.

तिसरा दिवस, मंगळवार

सकाळी आठलाच निघालो. फ्लोरेन्सच्या जुन्या भागात टुरिस्ट बस जात नाहीत, बाहेर सोडतात आणि मग दिवसभर पायपीट. प्रत्येकाच्या गळ्यात तो छोटा रिसीव्हर आणि कानात इअरफोन, त्यामुळं गाईड शंभर पावलं पुढं असली तरी आवाज येत राहतो. ज्यांना जायचंय त्यांना माझं एकच सांगणं, बूट चांगले घाला, सगळीकडं दगडी फरशी आहे आणि ती टाचांचा जीव घेते.

आधी अकॅडेमिया म्युझियम, खरा डेव्हिड इथं आहे. सतरा फूट उंच. हा संगमरवराचा दगड आधीच्या शिल्पकारांनी अर्धवट कोरून सोडून दिलेला, कित्येक वर्षं पावसापाण्यात पडून होता आणि मिकेलांजेलोनं १५०१ ला तो हातात घेतला तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. तीन वर्षांत पूर्ण केला. मी त्या उजव्या हाताकडं बघत बसले होते, मनगटाच्या मागच्या शिरा, बोटांची पेरं, आणि मान वळवल्यामुळं ताणलेला गळ्याचा स्नायू. दगडात रक्त वाहतंय असं वाटतं. पण मला त्याहून जास्त आवडले ते वाटेतले अर्धवट पुतळे, ज्यांना कैदी म्हणतात, दगडातून अर्धं अंग बाहेर आलेलं आणि बाकीचं अजून आत. त्यांच्यापुढं लोक थांबतच नव्हते, सगळे डेव्हिडकडं धावत होते. तुम्ही गेलात तर थांबा.

मग दुओमो, म्हणजे इथलं मुख्य कॅथेड्रल. गल्लीतून वळलं की एकदम समोर, पांढरा हिरवा गुलाबी संगमरवर, मान मागं टाकली तरी मावत नाही. पुढची ती नक्षीदार दर्शनी बाजू मात्र १८८७ ची आहे, तोवर कित्येक शतकं पुढून नुसती ओबडधोबड होती, म्हणजे राजाराम महाराजांनी दुओमो पाहिला असेल तर तो ह्या चेहऱ्याशिवाय पाहिला असणार. घुमट मात्र हाच. वर जायला ४६३ पायऱ्या आहेत आणि तिकीट फार आधी काढावं लागतं, आमच्या प्रोग्रॅममध्ये ते नव्हतं. घुमटाची गोष्ट काकांनी सांगितली. चर्च बांधून झालं आणि वर पंचेचाळीस मीटर रुंदीचं भोक, त्यावर घुमट कसा घालायचा कुणालाच माहीत नाही, कारण एवढ्या उंचीवर सेंटरिंग, म्हणजे खालून तात्पुरता आधार, करायला लाकूडच पुरणार नाही. ब्रुनेलेस्की नावाचा सोनार, होय, मूळचा सोनारच, पुढं आला आणि म्हणाला मी सेंटरिंगशिवाय बांधतो. एकात एक दोन घुमट, आतला जाड बाहेरचा पातळ, आणि विटा नुसत्या आडव्या न लावता मध्ये मध्ये उभ्या लावून माशाच्या काट्यासारखी वीण घातली त्यामुळं ओल्या चुन्यातसुद्धा विटा घसरत नव्हत्या आणि प्रत्येक थर पूर्ण झाला की तो स्वतःच स्वतःला धरून ठेवायचा. १४२० ते १४३६, सोळा वर्षं. चाळीस लाखांच्या वर विटा. काका म्हणाले आयुष्यभर स्लॅब टाकले, सेंटरिंग काढायच्या दिवशी दरवेळी छातीत धडधड व्हायची, आणि ह्या माणसानं सेंटरिंगच घातलं नाही. आणि खरंच त्यांनी घुमटाकडं बघून हात जोडले.

पुढं सिन्योरियाचा चौक. टाऊन हॉलसमोर डेव्हिडची कॉपी, खरा डेव्हिड १८७३ पर्यंत इथंच उघड्यावर होता. चौकात जमिनीत एक गोल दगडी पाटी आहे, साव्होनारोला नावाच्या धर्मोपदेशकाला १४९८ मध्ये इथंच फाशी देऊन जाळलं. त्यानं आधी ह्याच चौकात लोकांकडून चित्रं, आरसे, पुस्तकं, दागिने आणून जाळायला लावलेले, आणि वर्षभरानं त्याच जागी त्यालाच. लोक त्या पाटीवरून आईस्क्रीम खात चालले होते.

उफिझी ही चित्रांची मोठी गॅलरी आमच्या टूरमध्ये नव्हती ह्याचं मला फार वाईट वाटलं. बाहेरच्या लांबलचक अंगणात उभं राहून गाईडनं मेदिची घराण्यातल्या शेवटच्या बाईची, आना मारिया लुईझाची गोष्ट सांगितली. घराण्याला वारस नाही, राज्य दुसऱ्या घराण्याकडं जाणार, तेव्हा तिनं १७३७ ला करार करून घेतला की मेदिचींनी जमवलेली चित्रं, पुतळे, पुस्तकं, रत्नं काही काही फ्लोरेन्सच्या बाहेर न्यायचं नाही. आज हे शहर ज्याच्यावर जगतंय ते सगळं त्या एका बाईनं राखलं. तिचा पुतळा चौकात मधोमध हवा होता असं मला वाटतं.

पोंते व्हेक्यो, १३४५ चा पूल, वर दोन्ही बाजूंना सोनारांची दुकानं. पूर्वी इथं खाटीक होते, वास येतो म्हणून १५९३ मध्ये ड्यूकनं त्यांना हलवून सोनार बसवले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी माघार घेताना आर्नोवरचे बाकीचे सगळे पूल उडवले, हा एकच ठेवला.

तिथून सांता क्रोचे चर्चकडं जाताना एका अरुंद गल्लीच्या कोपऱ्यावर गाईडनं भिंतीकडं बोट दाखवलं. दोन पाट्या. खालची १३३३ च्या पुराची, दगडात कोरलेल्या लाटा आणि पाणी इथवर आलं असं दाखवणारं कोरलेलं बोट. तिच्या वर १९६६ ची. दोन्ही पूर ४ नोव्हेंबरला, मध्ये ६३३ वर्षं. १९६६ ची पाटी आमच्या सगळ्यांच्या डोक्याच्या खूप वर, दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांच्या आसपास. सांगलीच्या काकू तिथंच उभ्या राहिल्या, पुढं येईनात. २०१९ ला त्यांच्या घरात कृष्णेचं पाणी पहिला मजला बुडवून वर गेलेलं. त्या गाईडला मराठीतच म्हणाल्या, "आमच्याकडं पण अशा खुणा आहेत हो, पण रंगानं मारलेल्या, दुसऱ्या वर्षी घर रंगवलं की जातात." मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं तिला. मग तिनं सांगितलं की पूर आल्यावर जगभरातून कॉलेजची पोरं आली, चिखलातून पुस्तकं आणि चित्रं हातानं काढली, लायब्ररीच्या तळघरातून माणसांची साखळी करून, आणि त्या पोरांना इथं चिखलातले देवदूत म्हणतात. सांता क्रोचेत मिकेलांजेलोची आणि गॅलिलिओची कबर आहे, ती बघितली, पण खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात काकूंचं वाक्यच राहिलं.

जेवण झालं आणि सव्वादोनला मोकळा वेळ सुरू. साडेसहाला स्टेशनजवळ जमायचं होतं. बरेच जण सान लोरेंझोच्या मार्केटमध्ये चामड्याच्या पर्स घ्यायला गेले. आम्ही पाच जण निघालो, मी, हे, सांगलीच्या काकू, नाशिकचे काका आणि ठाण्याची एक कॉलेजात जाणारी मुलगी, तिच्या मोबाईलवर मॅप चालू होता म्हणून ती आमची वाटाडी. स्टेशनवरून टी वन ट्राम पकडली, तिकीट मशीनमधून काढून आत शिरल्यावर पंच करायचं, नाहीतर दंड. दोन-तीन स्टॉपवर कास्किने.

पार्कच्या ह्या टोकाला दर मंगळवारी सकाळी बाजार भरतो, कपडे, चपला, भाज्या, चीज, आम्ही पोचलो तेव्हा लोक तंबू गुंडाळत होते, व्हॅनमध्ये खोकी भरत होते, आपल्या आठवडी बाजाराची संध्याकाळ असते तसंच, खाली कोबीची पानं आणि कागद. तिथून पुढं गर्दी संपली. हे पार्क नदीला धरून साडेतीन किलोमीटर लांब आहे आणि आपल्याला जायचं ते पार शेवटच्या टोकाला. एका बाजूला आर्नो, एका बाजूला उंच झाडं, सायकलवाले, पळणारे, बाळाला बाबागाडीतून फिरवणाऱ्या आज्या. काकूंचे गुडघे दुखत होते, मी दोनदा म्हटलं बसूया, तर म्हणाल्या परत येताना बसू. काकांनी भडंगची पिशवी उघडली, चालता चालता सगळ्यांनी मूठमूठ खाल्लं. जसं पुढं जावं तसं माणसं कमी कमी होत गेली आणि शेवटी नुसता आमच्या बुटांचा आवाज. पाऊण तास चाललो.

मग झाडं मोकळी झाली आणि दिसली.

मी काय कल्पना केली होती माहीत नाही, पण पाय जागीच थांबले. आपल्याकडची छत्री. चार खांब, नक्षीची कमान, वर घुमटी, अगदी पंचगंगेच्या घाटावर असते तशी, आणि आजूबाजूला इटलीतली झाडं. आत महाराजांचा अर्धपुतळा, रंगवलेला, डोक्यावर पगडी, गळ्यात दागिने. चेहरा किती कोवळा आहे. फोटोत हे कळत नाही. मिशीची रेघ आणि गाल अजून पोरासारखे. माझा धाकटा आत्ता वीस वर्षांचा आहे, पुण्याला इंजिनिअरिंगला, मला तोच दिसला.

छत्री १८७४ ला उभी राहिली. डिझाईन चार्ल्स मँटचं, आणि हा तोच मँट ज्यानं नंतर कोल्हापूरचा न्यू पॅलेस केला. म्हणजे लहानपणापासून ज्या राजवाड्याच्या आवारात हरणं बघायला जायचो त्या वास्तूचा आणि ह्या छत्रीचा हात एकच. पुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकारानं घडवला. चौथऱ्यावर चार बाजूंना चार भाषांत लेख आहेत. ठाण्याच्या मुलीनं इंग्रजी लेख वाचून दाखवला, इंग्लंडहून मायदेशी परत जाताना एकविसाव्या वर्षात फ्लोरेन्स इथं निधन, असा त्याचा मतलब.

आम्ही बाहेरच बूट काढून उभे राहिलो. कुणी कुणाला सांगितलं नाही, सगळ्यांनी आपोआप काढले. मी कुंकवाची पुडी सोडली, चिमूटभर खालच्या मातीला लावलं, मोठ्यांदा म्हटलं, "महाराज, दादांनी सांगितलंय, कॉलेज अजून जोरात चालू हाय." ह्यांनी तोंड फिरवलं. काकूंनी पर्समधून उदबत्ती काढली, कुठून आणली होती कुणास ठाऊक, पण लावली नाही, वाळलेली पानं पडलेली सगळीकडं आणि काका म्हणाले नको, म्हणून नुसतीच ठेवली.

मग आम्ही संगम बघायला गेलो, चार पावलांवरच आहे. मुन्योने अगदी लहान आहे, एखाद्या ओढ्याएवढी, बांधलेल्या काठांतून येते आणि गुपचूप आर्नोत मिसळते. समोर तो केबलचा पूल, वरून गाड्यांचा एकसारखा आवाज. काल सकाळी मी त्या पुलावरून खाली बघत होते. त्या रात्री इथं पूल नव्हता, आवाज नव्हता, अंधार, लाकडं, आणि आपली चार माणसं ज्यांना आता कोल्हापूरला जाऊन सांगायचं होतं. महाराजांच्या आईला, राण्यांना ही बातमी कशी कळली असेल, किती दिवसांनी. तिथं उभी होते तोवर हेच मनात येत होतं.

दादांना व्हिडिओ कॉल लावला. इथं चार वाजलेले, कोल्हापुरात साडेसात, दादा जेवायला बसायच्या बेतात. मी मोबाईल छत्रीकडं फिरवला. दादा काही बोललेच नाहीत. नंतर दिसलं की ते खुर्चीतून उठून उभे राहिलेत, एका हातानं टेबल धरून. नेटवर्क तुटलं, परत लावला, परत तुटला.

परत येताना काकू बाकावर बसल्याच नाहीत, वेळ नव्हता. सहा वीसला स्टेशनजवळ पोचलो, ग्रुपमधला प्रत्येकजण फोटो मागत होता आणि दोघी बहिणी होत्या पुण्याच्या, त्या तर रडवेल्या झाल्या की आम्हाला का नाही नेलं. त्यांचं बरोबर होतं, मी सगळ्यांना नीट विचारायला हवं होतं.

चौथा दिवस, बुधवार

सकाळी सामान बसमध्ये टाकून रोमकडं. टूर मॅनेजरनं छत्रीचं लोकेशन मागून घेतलं, पुढच्या ग्रुपला पिसाला नेताना पुलावर निदान माईकवर सांगीन म्हणाला. माझं त्याला म्हणणं होतं की सांगू नको, ने. पुलाखालीच आहे, चौतीस माणसांना अर्ध्या तासात दाखवून होईल. बघूया.

बस हायवेला लागली तोच दादांचा फोन आला. रात्रभर झोपले नाहीत असं जाऊबाई म्हणत होत्या. त्यांच्याकडं प्रश्नांची यादीच तयार होती. दगड कुठला आहे, काळा का पांढरा. कुणी झाडलोट करतं का तिथं. पुतळ्याचा रंग उडालाय का. मी आठवेल तसं सांगत गेले. मग थोडं थांबून म्हणाले, "आणि नदीला पाणी किती हाय?"

"आहे की दादा," मी म्हटलं, "संथ आहे. काठ भरून नाही, पण आहे."

"बरं," म्हणाले, आणि फोन ठेवला.